प्राणवायूचा खो

शुद्ध प्राणवायू पहिल्यांदा कोणी हुंगला, याबद्दल जोसेफ प्रीस्टली या इंग्रज गृहस्थाच्या मनात काडीचीही शंका नव्हती. आधी दोन उंदरांनी आणि मग मी, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. प्रीस्टली मूळचा धर्मोपदेशक. पुढे एका उमरावाच्या वाड्यात ग्रंथपालाची नोकरी धरली आणि तिथे पुस्तकांपेक्षा वायूच अधिक सांभाळले. पाण्यात वायू कोंडून ते फसफसवण्याची युक्तीही त्याचीच, त्यामुळे आपल्याकडच्या गोटीसोड्याच्या गाड्यांवर खरं तर त्याचीही तसबीर हवी. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्यानं मोठ्या भिंगातून ऊन एकवटून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती धरली, तर ती भडकून उठली. पुढच्या वर्षी त्यानं त्या हवेत उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत जो पाव तासात आटोपला असता, तो अर्धा तास टिकला, आणि बाहेर काढून ऊब दिल्यावर पुन्हा हुशारला. मग प्रीस्टलीनं नळी लावून स्वतः ती हवा ओढली. छाती कशी हलकी वाटली. पुढेमागे ही श्रीमंतांची चैनीची वस्तू होईल, असंही त्याच्या मनात आलं.

ते भाकीत खरं झालं. आता शहरांत 'ऑक्सिजन फेशियल' मिळतं आणि ज्यांनी ते केलं आहे त्यांचे चेहरे बिल चुकतं केल्यावरही काही काळ उजळ राहतात असं म्हणतात. पण प्रीस्टलीनं त्याच लिखाणात एक शंकाही नोंदवली होती, तिकडे मात्र कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मेणबत्ती या हवेत भराभर जळून संपते. मग माणूसही या हवेत भराभर जगून संपणार नाही कशावरून? निसर्गानं पातळ करून दिलेली हवाच आपल्या लायकीची असेल, असंही कोणी नीतिवान म्हणेल, एवढं लिहून तो पुढच्या प्रयोगाकडे वळला.

शंका पावणेदोनशे वर्षं अडगळीत पडून राहिली. विसाव्या शतकाच्या मध्याला अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत सढळ हातानं प्राणवायू दिला जाई, आणि त्यातल्या कित्येकांची दृष्टी गेली, तेव्हा डॉक्टर दचकले. १९५४ साली रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या बाईंनी अमेरिकेत राहून असं मांडलं की क्ष-किरणांनी शरीराला होणारी इजा आणि प्राणवायूच्या अतिरेकानं होणारी इजा एकाच वाटेनं चालते. दोन वर्षांनी डेनम हार्मननं त्याच्याही पुढे उडी मारली. हा आधी तेल कंपनीत रसायनं हाताळणारा, नंतर डॉक्टर झालेला माणूस. म्हातारपण ही याच वाटेवरची मजल आहे, असं त्याचं म्हणणं.

ही वाट म्हणजे काय, ते एकदा समजून घेतलेलं बरं, कारण पुढची सगळी गंमत तिथेच आहे. आपण श्वास घेतो, पेशींमधली मायटोकाँड्रिया त्या प्राणवायूवर अन्न जाळतात आणि शेवटी प्राणवायूचं निरुपद्रवी पाणी होतं. बहुतेक वेळा होतं. थोडासा प्राणवायू मात्र मधल्या टप्प्यावर एक इलेक्ट्रॉन पदरात पाडून घेतो आणि सटकतो. त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, म्हणजे गुडघा फुटल्यावर कापसानं लावताच फसफसणारं शाळेतल्या प्रथमोपचार पेटीतलं तेच औषध. त्याची लोखंडाशी गाठ पडली, तर हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाएवढं, पण तेवढ्यात जो कोणी शेजारी असेल त्याला चावून मोकळं. या सगळ्या कुटुंबाला 'प्राणवायूची क्रियाशील रूपं' असं शास्त्रीय मराठीत म्हणता येईल. डॉक्टरमंडळी 'आरओएस' म्हणून मोकळी होतात.

यातली जी मुक्त मूलकं असतात, त्यांचा खेळ खोखोचा आहे. अणूंमधले इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं नांदतात. ज्याची जोडी अपुरी, तो धावत येऊन शेजारच्याचा इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याच्या जागी शांतपणे बसतो. ज्याचा गेला, त्याला खो बसलेला असतो. तो उठून पळत सुटतो आणि पुढच्याला खो देतो. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंच्या रांगेत हा खेळ सुरू झाला की अख्खी पाटी उठून धावू लागते आणि आवरणाची चाळण होते. डीएनएला खो बसला, तर त्याच्या अक्षरांत चुका होतात आणि चुकांची पुरेशी बेरीज झाली की कर्करोग. ई जीवनसत्त्वाचा गुण असा, की त्याला खो मिळाला तरी ते पळत नाही. बसल्या जागी गिळून टाकतं, आणि मग क जीवनसत्त्व त्याच्याकडून तो काढून घेतं. शरीराचे स्वतःचेही पंच आहेत. त्यातल्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एन्झाइमची ओळख मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी १९६९ साली पटवून दिली.

एवढं कळल्यावर निष्कर्ष काढायला शास्त्रज्ञ कशाला हवा! खो देणारे वाईट, खो गिळणारे चांगले. गिळणारे जितके जास्त, तितकं उत्तम. हा निष्कर्ष ज्यांनी काढला त्यांत लायनस पॉलिंगसारखा माणूस होता, दोन नोबेल पारितोषिकं आणि तीही कोणाबरोबर वाटून न घेतलेली. १९७० साली त्यानं क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत झुंबड उडाली. पुढे त्यानं हेच जीवनसत्त्व कर्करोगावर सुचवलं. मेयो क्लिनिकनं १९७९ आणि १९८५ साली अशा दोन चाचण्या करून गोळ्यांचा उपयोग दिसत नाही असं सांगितलं, पण पॉलिंगनं ते मानलं नाही. स्वतः तो रोज ग्रॅममध्ये मोजावं लागे इतकं क जीवनसत्त्व घेई. १९९४ साली तो गेला. वय ९३ आणि कारण प्रोस्टेटचा कर्करोग. त्यामुळे त्याचे भक्त आणि टीकाकार दोघंही त्याच मृत्यूचा दाखला देतात, आपापल्या सोयीचा आकडा आधी वाचून. हार्मन तर ९८ वर्षं जगला. त्याबद्दल टीकाकार गप्प असतात.

आपल्याकडे 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द कधी शिरला ते मला सांगता येणार नाही, पण आता तो इतका रुळला आहे की सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत 'मधुमेह' खालोखाल त्याचाच उच्चार होत असावा. च्यवनप्राशाच्या बरणीवर तो आहे, हिरव्या चहाच्या खोक्यावर आहे, चेहऱ्याला लावायच्या मलमावर आहे. कोकम सरबत आपण पिढ्यान्‌पिढ्या पित होतो ते पित्तासाठी. आता ते अँटिऑक्सिडंट म्हणून पितो, आणि चव तीच असूनही थोडं अधिक शिकल्यासारखं वाटतं. आमच्या थोरल्या वहिनींकडे औषधांचा एक डबा आहे. आत रक्तदाबाची गोळी एका कोपऱ्यात अंग चोरून असते, बाकी सगळा पसारा पिवळ्या, केशरी, पारदर्शक कॅप्सूलांचा. "या औषधाच्या नाहीत हो भाऊजी, या चांगल्या आहेत," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. औषध आणि चांगलं असा फरक वैद्यकाच्या कुठल्याही ग्रंथात नसेल, पण घरोघरी आहे.

घरात कोणाला कर्करोग झाला की या चांगुलपणाला भरती येते. भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही, आणि रिकाम्या डोक्यानंही येत नाही, ही खरी पंचाईत. एक जण गव्हांकुराच्या रसाचा पत्ता देतो, दुसरी पपईच्या पानांचा रस सुचवते, तिसरा कुठूनशी लक्ष्मणफळं पैदा करून पिशवीत घालून आणतो. चौथा परदेशातल्या मुलाकडून आलेली बाटली काढतो. तिच्यावर एकाच वेळी बारा जीवनसत्त्वांची नावं असतात. माणसं प्रेमानंच आणतात. आजारी माणसाची ताकद वाढावी हीच इच्छा असते. पण शरीरात त्या वेळी कोणाकोणाची ताकद वाढेल, हा प्रश्न त्या पिशवीला पडत नाही.

तो प्रश्न पहिल्यांदा खडखडीत आवाजात विचारला गेला फिनलंडमध्ये. तिथे ५० ते ६९ वर्षांचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेतले. काहींना ई जीवनसत्त्व, काहींना बीटा कॅरोटिन म्हणजे गाजरातला केशरी रंग, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच गोळी. कित्येक वर्षं हे चाललं. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला तेव्हा तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती. धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले असे १८,३१४ लोक. ती जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण तिथे २८ टक्के वाढ दिसत होती. पुढे प्रोस्टेटसाठी ३५,५३३ पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची चाचणी झाली. तिचा २०११ सालचा हिशेब असा, की नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक.

फिनलंडच्या त्याच चाचणीतली एक गोष्ट मला आकड्यांहून अधिक आवडते. सुरुवातीलाच ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटिन जास्त होतं, म्हणजे जे आपण होऊन भाज्या खाणारे होते, त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमीच आढळला. गाजर निर्दोष सुटलं. गाजराचा वकील म्हणून जी गोळी उभी राहिली होती, ती मात्र अडकली.

असं का व्हावं, याचं उत्तर कर्करोगाच्या प्रवासात आहे. गाठ एका जागी असते तोवर शल्यविशारदाला काम असतं. आपल्या घरांतून जे वाक्य दबक्या आवाजात बोललं जातं ते 'गाठ आहे' हे नसतं. 'पसरलाय' हे असतं, किंवा 'लिव्हरला गेलाय'. कर्करोगानं जाणारे बहुतेक लोक मूळ गाठीनं जात नाहीत, ते या पसरण्यानं जातात. १८८९ साली स्टीफन पॅजेट या लंडनच्या डॉक्टरानं स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि असं दाखवलं की हा रोग रक्ताबरोबर वाहत जाऊन कुठेही रुजत नाही. बी सगळीकडे पडतं, उगवतं मात्र मानवलेल्या जमिनीतच. शेतकऱ्याला हे सांगायला पॅजेट लागला नसता, पण वैद्यकाला लागला.

पॅजेटनं न सांगितलेला भाग बियांच्या वाटेतल्या हालांचा. पेशी ही मुळात घरकोंबडी. शेजारणींना धरून बसलेली असते तोवर जगते, हात सुटला की मरते, अशी तिला ताकीदच असते. कर्करोगाची पेशी ही ताकीद मोडून रक्तात उडी घेते खरी, पण तिथे प्रवाहाचे धक्के, पांढऱ्या पेशींचा पहारा आणि भरपूर प्राणवायू. मूळ गाठीच्या पोटात ती प्राणवायूच्या टंचाईत वाढलेली. रक्तात सुटलेल्या पेशींपैकी जवळजवळ सगळ्या वाटेतच संपतात, शेकडा एकही दुसरीकडे घर करू शकत नाही, असं उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांतही दिसलं होतं. त्या कशानं मरतात, याचा एक मोठा भाग २०१५ साली डॅलसच्या शॉन मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेनं उलगडला. माणसांच्या त्वचेचा मेलानोमा हा कर्करोग त्यांनी उंदरांत वाढवला. मूळ गाठीतल्या पेशींपेक्षा रक्तात फिरणाऱ्या पेशींमध्ये प्राणवायूची ही उपद्रवी रूपं बरीच जास्त होती. खो बसून बसून त्या बेजार झाल्या होत्या. ज्या थोड्या तगल्या, त्यांनी आपला कारभार बदलून खो गिळायची जास्तीची सोय करून घेतली होती. मग त्यांनी काही उंदरांना एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं. हे एक अँटिऑक्सिडंट, आपल्याकडे कफ पातळ करायला डॉक्टर देतात तेच. मूळ गाठ त्यानं वाढली नाही. पसरणं वाढलं.

म्हणजे वाटेत त्या पेशींना जो मार खावा लागत होता, तो आपण औषध देऊन वाचवला.

स्वीडनमध्ये मार्टिन बर्गो यांच्या गटाला असंच काहीतरी दिसत होतं. २०१४ साली त्यांनी फुफ्फुसात गाठी धरू लागलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि हेच एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं, तर गाठी झपाट्यानं वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. कारण वाचून मी थोडा वेळ पंख्याकडे बघत बसलो. पेशीत पी-५३ नावाचं एक प्रथिन आहे. डीएनएची मोडतोड दिसली की ते जागं होतं आणि पेशीची वाढ थांबवतं. अँटिऑक्सिडंटनं मोडतोड कमी केली, त्यामुळे पी-५३ला जाग आली नाही. २०१९ साली स्वीडनच्या याच गटानं आणि न्यूयॉर्कच्या एका गटानं एकाच वेळी दाखवलं की अँटिऑक्सिडंटचा सुकाळ झाला की बॅक-१ नावाचं आणखी एक प्रथिन पेशीत टिकून राहतं, आणि ते पेशीला साखर जाळून दूरवर जायला शिकवतं. पुढच्या वर्षी मॉरिसन यांच्याकडून आणखी एक गोष्ट आली. मेलानोमाच्या पेशी रक्ताऐवजी लसिकेच्या वाटेनं गेल्या तर अधिक सुखरूप पोचतात, कारण तिथे त्यांना ओलेइक आम्ल मिळतं आणि त्यानं त्यांची आवरणं खो खाऊन फाटत नाहीत. ओलेइक आम्ल ऑलिव्हच्या तेलात असतं, तसंच शेंगदाण्याच्याही. हे वाक्य वाचून कोणी लगेच फोडणी बंद करू नये. प्रयोगशाळेतून थेट स्वयंपाकघरात उडी मारण्याच्या सवयीनंच तर हा सगळा घोळ झाला आहे.

आता इथे एखादा घाईचा माणूस म्हणेल, ठरलं तर मग, खो देणारे चांगले. तसंही नाही. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली उंदरांच्या कर्करोगपेशींची मायटोकाँड्रिया अदलाबदल केली. ज्या मायटोकाँड्रियांतून ही रूपं जास्त गळत होती, त्यांच्यामुळे शांत पेशीही पसरू लागल्या, आणि गळती थोपवल्यावर पसरणं कमी झालं. बेल्जियममध्येही २०१४ साली त्याच अंगाचं निघालं. थोडे खो पेशीला घराबाहेर काढतात, फार झाले तर वाटेत मारतात. शिवाय खो मायटोकाँड्रियात बसला की आवरणात, कोणत्या अवयवात, रोगाच्या कोणत्या टप्प्यावर, यावर सगळं फिरतं. डीएनएच्या रचनेमुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॉटसननं २०१३ साली एक लांबलचक निबंध लिहून सांगितलं की पुढच्या टप्प्यावरच्या कर्करोगात अँटिऑक्सिडंट हे भल्यापेक्षा बुरंच जास्त करत असावेत. त्याला अर्धवट उत्तर देणं कधीच जमलं नाही. माझ्या मते त्याचं टोकाचं वाक्य बाजूला ठेवून प्रश्न तेवढा घ्यावा. आणि वर सांगितलेले बहुतेक पुरावे उंदरांचे आहेत, माणसं उंदीर नव्हेत, हे विसरू नये. बाप्पांनीही उंदराला वाहनाचा मान दिला, सल्लागाराचा नाही.

मुळात या रूपांना शत्रू मानणं हीच एकतर्फी बातमी होती. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर त्याच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात आणि त्यापासून कपडे पांढरे करायच्या ब्लीचच्या जातीचं रसायन बनवतात. पुवाला जी हिरवट झाक असते, ती या कारखान्यातल्या एका एन्झाइमची. काही मुलांमध्ये जन्मतःच ही मूलकं बनवायची यंत्रणा बिघडलेली असते. त्यांना साध्या साध्या बुरशा आणि जंतू पुनःपुन्हा गाठतात. व्यायामाचंही तेच. जर्मनीत २००९ साली तरुणांना महिनाभर व्यायाम दिला, आणि त्यातल्या काहींना रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्यांनी गोळ्या घेतल्या, त्यांच्या इन्सुलिनवर व्यायामाचा व्हायला हवा होता तो फायदा झाला नाही. थोडे खो बसले की शरीर आपले पंच वाढवतं, तेच गोळीनं होऊ दिलं नाही. टेकडी चढून आल्यावर बाकावर बसून गोळी गिळणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांना काही सांगण्याचा धीर होत नाही, ते माझ्यापेक्षा भराभर चढतात.

आपल्याकडचा कर्करोग म्हटलं की तोंड आठवतं, आणि तोंड म्हटलं की सुपारी. सुपारीला चुना लागला की चुन्याच्या क्षारपणामुळे सुपारीतली द्रव्यं तोंडातच प्राणवायूशी झटापट करून ही रूपं तयार करतात. सुपारीत तांबंही बरंच असतं, ते यात भर घालतं. खो देणारे जन्माला घालण्याचा एवढा सुबक कारखाना, आणि तो आपण पानदानात ठेवून पाहुण्यांपुढे सरकवत आलो. रोग सुरू होण्याच्या टप्प्यावर ही मंडळी खरंच खलनायक आहेत, याला सुपारीइतका जवळचा पुरावा नाही. उपचाराच्या टप्प्यावर तीच आपल्या बाजूनं लढतात. पुष्कळ घरांत ज्याला 'शेक देणं' किंवा 'लाइट देणं' म्हणतात, त्या किरणोपचारात किरण पेशीतल्या पाण्यावर पडून हायड्रॉक्सिल मूलकंच तयार होतात आणि गाठीचा डीएनए तोडतात. अशा दिवसांत डब्यातल्या 'चांगल्या' गोळ्या आधी डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं जातं ते याचसाठी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयातून एक बातमी आली आणि दोन दिवस सगळ्यांचे फोन वाजत राहिले. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की मरणाऱ्या कर्करोगपेशी आपल्या गुणसूत्रांचे तुकडे मागे सोडतात, ते निरोगी पेशींत शिरतात आणि रोग परत येण्यात त्यांचा हात असतो. त्यावर उतारा म्हणून त्यांनी रेस्व्हेरॅट्रॉल आणि तांबं यांची गोळी सुचवली, किंमत शंभर रुपयांच्या घरात. रेस्व्हेरॅट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं आणि अँटिऑक्सिडंट म्हणून त्याची जगभर जाहिरात होते. पण तांब्याची संगत मिळाली की ते चक्क मूलकं तयार करतं, आणि इथे तर तीच हवी आहेत, ते तुकडे मोडायला. एकाच गोळीत खलनायक आणि नायक यांची अशी अदलाबदल झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही. पुरावा मुख्यतः उंदरांचा होता आणि अनेक कर्करोगतज्ज्ञांनी जपून राहायला सांगितलं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटाला जपून राहण्याची सवय नाही. संध्याकाळपर्यंत नाशिकची द्राक्षं तांब्याच्या तांब्यात रात्रभर भिजवून खावीत, असा पाठ तयार होऊन मला तीनदा आला, त्यातला एक वहिनींचा.

परळमध्येच, त्या रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे, आणि या गोष्टीचा एक जुना धागा तिथून निघतो. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे, तो त्या शोधत होत्या. बीअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट गोळा इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो दिल्यावर त्या बायकांचं रक्त भराभर सुधारलं. त्यात जे काही होतं, ते पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. आज गरोदर बाईला डॉक्टर पहिल्यांदा हीच गोळी लिहून देतात. १९४० च्या दशकात बॉस्टनच्या सिडनी फार्बरनं रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना हेच देऊन पाहिलं, आणि रोग वेगानं वाढताना दिसला. म्हणून त्यानं उलटी दिशा धरली. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली, फॉलिक ॲसिडला अडवणारी द्रव्यं त्यानं मुलांना दिली आणि १९४८ साली काही मुलांचा रोग काही काळ मागे हटल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आज संधिवाताच्या रुग्णांच्याही डब्यात सापडतं.

मॉरिसन यांच्या उंदरांत रक्तात तगलेल्या पेशींनी जो कारभार बदलला होता, तो नेमका फॉलिक ॲसिडच्या वाटेवरचा. त्यातूनच त्या खो गिळायचं भांडवल उभं करत होत्या. त्यांनी मेथोट्रेक्सेट अगदी थोड्या मात्रेत दिलं. मूळ गाठीवर फारसा परिणाम नाही, पण दूरवर पसरणं कमी झालं. पेशीला मारायला वेगळं विष शोधायची गरज पडली नाही, तिचं छत्र काढून घेतलं, बाकीचं काम रक्तातल्या प्राणवायूनं केलं. माणसांत हे असंच चालेल का, ते अजून ठरायचं आहे.

आमची पुतणी डॉक्टर आहे आणि कर्करोग विभागातच शिकते आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं आईचा डबा उपडा केला. वहिनी आवळ्याचं ताट पुढे घेऊन बसल्या होत्या, मोरावळ्याला टोचणं चाललं होतं.

"आई, आवळा खा, कोकम पी, हवं तेवढं. ते अन्न आहे. पण ही ई जीवनसत्त्वाची गोळी बघ, चारशेची आहे. रोज लागतं ते पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. प्रोस्टेटच्या त्या चाचणीत जवळपास एवढंच देत होते."

"मला कुठे प्रोस्टेट आहे?" वहिनी म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता. पुतणीनं माझ्याकडे पाहिलं, मी आवळ्याकडे.

"आणि अख्खी पट्टी उरली आहे, तिचं काय करू? टाकून देऊ?"

ते मात्र झालं नाही. आता त्या दर रविवारी एक कॅप्सूल टाचणीनं टोचून, खोबरेल तेलात पिळून केसांना लावतात. बाह्योपचार म्हणून पुतणीनंही तो मान्य केला आहे. यानं केसांना खरंच काही होतं का, असं मी तिला विचारलं.

"माहीत नाही, काका. चाचणी घ्यावी लागेल," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्याकडे एकवार पाहून घेऊन पुढे म्हणाली, "तुम्हाला त्यात घेता येणार नाही."